पाय हलले का

काका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत, पायांकडे बघून बोलत. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांच्या लाइनीत नवीन माणूस राहायला आला की पहिल्या भेटीत त्याला वाटायचं, आपल्या चपलेला काहीतरी लागलंय. तो वाकून बघायचा. मग काका शांतपणे म्हणायचे, "चप्पल ठीक आहे. मी फक्त पाय बघतोय."

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल. त्याच्याबद्दल तुम्ही घरी जेवताना बोलत असाल, पण लिहिलं नसेल. मीही लिहिलं नसतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि मराठी ही माझ्या घरची भाषाही नाही. आम्ही गढवालचे. वडील एका मंत्रालयाची गाडी चालवतात, आई शाळेत आया आहे. काकांच्या मागच्या लाइनीत आमचं लहान क्वार्टर होतं. शाळेतून आलो की आई परत येईपर्यंत मी काकांच्या घरी, म्हणजे खरं तर काकूंच्या स्वयंपाकघरात असायचो. मराठी मी तिथेच शिकलो. काकूंकडून शिकल्यामुळे बरीच वर्षं मी "मी येते, मी जेवते" असंच बोलायचो. काकू दुरुस्त करायला लागल्या की काका बाहेरून म्हणायचे, "राहू दे. रेकॉर्ड चांगली वाजतेय, मध्येच पिन उचलू नकोस."

रेकॉर्ड हा काकांचा विषय. ते एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. फायलींबद्दल घरी एक शब्द बोलायचे नाहीत, पण रेकॉर्डबद्दल फायलीसारखं बोलायचे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोल नावाचं संगीत आहे. चर्चमध्ये जन्मलेलं, मग नाचाच्या हॉलमध्ये गेलेलं. गाणारा गळा सोलून गातो आणि खाली ठेका असा असतो की खुर्चीवर बसवत नाही. काकांच्या कपाटात या गाण्यांच्या, त्यातही फक्त नाचाच्या रेकॉर्ड होत्या. वकिलातींमधले परदेशी लोक बदली होऊन जाताना सामान विकायचे, तेव्हा तरुणपणी त्यांनी त्या गोळा केल्या होत्या. गंमत अशी की त्यातले सगळे गायक गोरे होते. काळा एकही नाही.

मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, ज्यांचं संगीत आहे त्यांच्याच रेकॉर्ड नाहीत?"

"त्यांचं घर आहे ते. मी कोण त्यांची परीक्षा घेणारा?" काका म्हणाले. "हे गोरे म्हणजे सुना. दुसऱ्याच्या घरात आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, शिकल्या, आणि एक दिवस पुरणपोळी अशी केली की सासूने काही न बोलता दुसरी घेतली. मला ती दुसरी पोळी ऐकायची असते."

"सासूबद्दल बोलायचं असेल तर मला बोलवत जा," काकू आतून म्हणाल्या.

"काही सुनांनी घरच आपल्या नावावर करून घेतलं," काका जरा आवाज उतरवून म्हणाले. "भिंतीवर सासूचा फोटोसुद्धा ठेवला नाही. त्यांच्या रेकॉर्ड मी घेत नाही."

परीक्षा मात्र कडक असायची. रविवारी संध्याकाळी कोणालातरी पकडून आणायचे. एकदा तर वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला बसवलं होतं. रेकॉर्डचं कव्हर टॉवेलखाली झाकायचं, गाणं लावायचं, आणि संपल्यावर विचारायचं, "गोरा की काळा?" आता कपाटात सगळे गोरेच, हे आख्ख्या लाइनीला माहीत होतं. उत्तर ठरलेलं होतं. पण काकांचा नियम वेगळाच होता. उत्तर माहीत असूनही माणूस "काळा" म्हणाला, तरच रेकॉर्ड पास.

आणि लोक म्हणायचे हो. वरच्या मजल्यावरच्या आजी डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "मला माहितीये गोराच आहे. पण काळा आहे."

"पास," काका म्हणायचे. मग दुसरा प्रश्न. "पाय हलले का?"

त्यांचे स्वतःचे पाय मात्र कधी हलले नाहीत. बारा महिने तपकिरी मोजे घातलेले ते दोन पाय सतरंजीवर फायलींसारखे शेजारी शेजारी ठेवलेले असायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "परीक्षकाचे पाय हलत नसतात."

आता मी गणपतीतल्या प्रसंगाकडे येतो. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलनीच्या पार्कात मराठी मंडळाचा मांडव पडायचा, गाण्याची स्पर्धा व्हायची आणि परीक्षक काका असायचे. लहानपणापासून मी तिथे खुर्च्या लावल्या, प्रसाद वाटला, विसर्जनाच्या ट्रकवर बसलो. फक्त कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव कधी आलं नाही. मला एकदा तिथे गायचं होतं. त्या माइकवरून माझं नाव मराठीत पुकारलेलं ऐकायचं होतं. काकू चकल्या तळताना एक लावणी गुणगुणायच्या, कोणी आलं की थांबायच्या. ती मला पाठ होती. वाढत्या वयाच्या गढवाली मुलाने लावणी गाण्याची इच्छा धरणं विचित्र आहे, हे मला कळत होतं. म्हणून मी कोणालाच सांगितलं नव्हतं. एके दिवशी कपडे वाळत घालताना मी ती गात होतो आणि काका मागे उभे होते. माझ्या पायांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ते मला मंडळाच्या सेक्रेटरींकडे घेऊन गेले.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, "बेटा, तू तर घरचाच आहेस. पण स्पर्धा मराठी कुटुंबांची आहे. आमची पोरं इथे घरातसुद्धा मराठीत तोंड उघडत नाहीत. त्यांच्यासाठी एवढा एक कोपरा ठेवलाय, यार. तोही उघडा केला तर ती गातील कधी?"

मला ते पटलं. अजूनही थोडं पटतं. मी घरी जायला निघालो. पण काका उठलेच नाहीत. ते म्हणाले, "ठीक. मग माझी परीक्षक म्हणून एकच सूचना आहे. यंदा पारदर्शकतेसाठी पडदा लावावा."

"पारदर्शकतेसाठी पडदा?"

"स्पर्धक पडद्यामागे. नाव नाही, नुसता नंबर. म्हणजे कोणाची मुलगी कोण, हे परीक्षकाला कळायला नको."

सेक्रेटरी ऑफिसात दक्षता विभागात होते. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी टेबलावर हात मारला. "बिल्कुल."

पडदा म्हणजे काकूंची मोर छापलेली डबलबेडची चादर. ती जरा आखूड होती. चादरीच्या खालून मला पहिल्या रांगेचे पाय दिसत होते. काका पडद्याकडे पाठ करून बसले होते, कारण परीक्षा त्यांना गाणाऱ्याची नाही, ऐकणाऱ्यांच्या पायांची घ्यायची होती. काकांनी गुपचूप मिळवून दिलेला माझा नंबर पुकारला. ढोलकी सुरू झाली. मी त्या पायांकडे बघून गायला लागलो, चकल्यांच्या कढईसमोर उभं राहून गावं तसं. एक कोल्हापुरी चप्पल हलली. मग एका आजींचा बोटात जोडवी घातलेला पाय. आणि मग मधल्या खुर्चीखालचे ते चकचकीत काळे बूट.

टाळ्या पडल्या. पडदा बाजूला झाला आणि टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

"अगं बाई, हा तर ड्रायव्हरचा मुलगा," कोणीतरी म्हणालं.

सेक्रेटरी उठले. "काका, हे बरोबर नाही. नियम नियम असतो."

काका पायांवरून नजर न काढता म्हणाले, "साहेब, तुमचे पाय हलले."

"माझे?"

"उजवा पहिल्या कडव्यापासून. दुसऱ्या कडव्यात डावासुद्धा."

सेक्रेटरींनी सगळ्या मांडवाकडे बघितलं. "डास होते," ते म्हणाले.

दिल्लीतल्या सप्टेंबरमध्ये हे म्हणणं कोणालाही खोडता आलं नसतं. मांडवात लगेच दोन पक्ष पडले. काही जण म्हणाले, डास आहेतच. काही म्हणाले, डास असले तर माणूस पाय आपटतो, ठेक्यात हलवत नाही. एका गृहस्थांनी स्वतःचा घोटा वर करून पुरावा दाखवला. मी माइक हातात धरून तसाच उभा होतो. वाटत होतं, कोणीतरी "जा" म्हटलं तर बरं होईल. पण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

"मग डास काढून बघू," काका म्हणाले.

त्या दिवसांत संध्याकाळी डासांचा धूर सोडणारा माणूस खांद्यावर मशीन घेऊन कॉलनीत फिरायचा. तो पार्काच्या फाटकाशी आला होता. काकांनी त्याला हाक मारली.

"भैया, ज़रा इधर भी मार दो।"

"यहाँ? भगवान के सामने?" तो म्हणाला. "कितना मारूँ?"

"जब तक शक ना रहे।"

काकूंनी आधी मोदकांवर ताट झाकलं, मग गणपतीला हात जोडले. मशीन घरघरलं आणि मांडवात पांढरा धूर भरला. बायकांनी तोंडाला पदर लावले, पुरुषांनी रुमाल. पण एकही माणूस उठला नाही. निकाल चुकवायला कोणी तयार नव्हतं. दोन मिनिटांत मला बाजूला सारलेली चादरही दिसेना. धुरातून काकांचा आवाज आला, "स्पर्धकाने पुन्हा गावे."

मी गायलो. दुसऱ्या कडव्यात खोकलो. ढोलकीवाल्याचे हात दिसत नव्हते, पण ढोलकी ऐकू येत होती. पावसाने जमीन ओली म्हणून खुर्च्यांखाली लाकडी फळ्या टाकल्या होत्या. आधी एका फळीवर बारीक थाप पडली. मग दुसरीवर. मग सगळ्या मांडवाच्या फळ्या वाजायला लागल्या. दिसत कोणीच नव्हतं, त्यामुळे बहुधा कोणाला लाजही वाटत नव्हती. मला तेव्हा काकांचा टॉवेल आठवला.

गाणं संपलं. धूर हळूहळू विरला. सगळे सभ्य माणसांसारखे बसलेले. सेक्रेटरी मात्र प्लास्टिकच्या खुर्चीवर पूजेला बसतात तशी मांडी घालून बसले होते. खाली त्यांचे काळे बूट रिकामे उभे होते.

काका त्यांच्यासमोर गेले. आधी बूट नीट निरखले. मग आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं.

"पाय वर का घेतले, साहेब?"

सेक्रेटरींनी आपल्या रिकाम्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "खाली ठेवले असते तर हलले असते."

पहिल्यांदा त्या जोडवीवाल्या आजी हसल्या, मग सगळा मांडव. सेक्रेटरीही हसले, आणि मांडी मोडून बूट शोधायला लागले.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. तो सेक्रेटरींनीच दिला. माइकवर माझं नाव पुकारून ते पुढे काय म्हणावं याचा विचार करत थांबले, आणि म्हणाले, "हा आपल्या मागच्या लाइनीतला." पुढच्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव छापून आलं. तेव्हा पडदा नव्हता.

घरी जाताना काका म्हणाले, "पहिला नंबर दिला नाही म्हणून रागावू नकोस. खोकलास."

"काका, तुमचे पाय हलले का?"

"परीक्षकाचे पाय हलत नसतात," ते म्हणाले. मी खाली बघितलं. तपकिरी मोजे सरळ रेषेत चालले होते.

पुढे काका निवृत्त झाले. सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. रेकॉर्डचं कपाट टेम्पोत घालून ते दोघं ग्रेटर नोएडाला गेले, एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर. मी दोन-तीनदा गेलो. मेट्रो दोनदा बदलून, पुढे रिक्षा. काका खिडकीतून खाली बघायचे आणि तक्रार करायचे, "इथून माणसांचे पाय दिसत नाहीत."

गेल्या थंडीत ते गेले. झोपेत. मला कळलं तेव्हा परीक्षा चालू होत्या. शेवटचा पेपर देऊन मी थेट काकूंकडे गेलो. काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी मला जेवलास का विचारलं. रेकॉर्डचं मशीन कोपऱ्यात होतं, वर घडी घातलेला टॉवेल.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटायला आले. दारात बूट काढले, हात जोडले, बसले. थोडा वेळ गेल्यावर चाचरत म्हणाले, "आंटी जी, बुरा मत मानिएगा। शाम की चाय के वक़्त अंकल जी करते क्या थे? हमारी छत पे रोज़ धम-धम होती थी।"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर सारखा केला.

"मच्छर मारते थे," त्या म्हणाल्या.

"चौदहवीं मंज़िल पे?"

"बहुत थे।"

गृहस्थांनी मान हलवली. "गाना लगा के मारते थे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "हमने एक बार सोसाइटी में शिकायत कर दी थी। फिर हमारी बिटिया उसी धम-धम पे नाचने लगी, तो वापस ले ली।"

मी आतून चहा आणून ठेवला होता. चहा तसाच होता.

"अब उस वक़्त वो ऊपर देखती रहती है," ते म्हणाले.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मी खाली बघून सगळ्यांचे पाय बघितले. एकही हलत नव्हता.