भोंग्याची मिशी

चौकातल्या न्हाव्याला सगळे भोंगा म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कारखान्याचा भोंगा बंद पडला तर आपल्या घोरण्यावर पाळी सुरू करता येईल, असं तोच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. पण घोरता घोरता मधेच त्याचा श्वासच थांबायचा, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू व्हायचा. हे ठाऊक होतं एकट्या बायकोला. ती बिचारी शेजारी जीव मुठीत धरून पडायची आणि श्वास अडला की कोपराने ढोसायची.

रात्रीच्या झोपेच्या अशा चिंध्या झालेल्या, मग दिवसा पापण्या जड. खुर्चीत गिऱ्हाईक, त्याच्या गळ्याशी वस्तरा, आणि हा पठ्ठ्या उभ्याउभ्या पेंगतोय. आता काय बोलावं अशा माणसाला?

बायकोने हात धुऊन मागे लागून त्याला डॉक्टरकडे नेलं. झोपेत घसा मिटतो म्हणून श्वास अडतो, असं निघालं. नाकावर मास्क लावून रात्रभर हवा देणारं यंत्र घरी आलं. पण मास्क नाकाखाली बसेचना. आडवी आली ती मिशी. चांगली गालांपर्यंत पसरलेली, टोकांना पीळ दिलेली. हवा फुसफुस करत तिच्यातूनच निसटायची.

"अहो, काढा ना ती," बायको म्हणाली.

"मिशी काढू? उद्या म्हणशील, दुकानाची पाटी उतरवा."

त्याचंही खोटं नव्हतं. लोक आरशात त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, अगदी अश्शीच कोरून द्या. त्याने मास्क कपाटावर टाकला आणि दुकानात चहावर चहा ढोसत राहिला.

मग एका दुपारी मास्तर दाढीला आले. त्याच्या लग्नाआधीपासूनचं हे गिऱ्हाईक, मान मागे टाकून, डोळे मिटून निवांत बसणारं. भोंग्याचा डोळा लागला तेवढ्यात हात घसरला. कानाखालून जबड्यापर्यंत चीर गेली. तुरटी फिरवून भागण्यासारखं नव्हतं, टाके पडले. मास्तरांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "झोपला होतास रे?"

भोंग्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने मिशी उतरवली. मास्क नाकाला चिकटून बसला. कित्येक वर्षांनी तो सकाळी ताजातवाना उठला. शेजारी बायको अजून गाढ झोपली होती. तिला अशी झोपलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती.

पण चौकात बातमीला पाय फुटले होते. एकदोघे केस कापायला आले, दाढीचं विचारलं की नको म्हणाले. पुढे तेही येईनात.

एक दिवस मास्तर समोरून जाताना दिसले. दाढीचे खुंट वाढलेले. भोंगा लगबगीने बाहेर आला.

"मास्तर, आता दिवसा झोप येत नाही हो मला. यंत्र लावतो रोज. बसा तरी."

मास्तर त्याच्या मिशीवाचून उघड्या पडलेल्या ओठाकडे बघत राहिले. "चांगलं झालं बाबा," म्हणाले. पण त्यांचा हात आपसूक कानाखाली गेला. "पुढच्या वेळी बघू." आणि ते पलीकडच्या दुकानात शिरले.

भोंग्याने आत येऊन वस्तऱ्याला धार लावली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. अंधार पडेपर्यंत तो तिथेच होता, आणि त्याचा डोळा एकदाही लागला नाही.