लेकीची पहिली थाप

लेक तीन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. तपासण्या झाल्या, ऑटिझम असल्याचं कळलं. मुलुंडच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, “समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे ओळखणं तिला जड जाईल, म्हणून साधी थाप मारणंही.” पुढची तीन वर्षं आम्ही रोज तिच्याशी खोटी खोटी भातुकली खेळलो.

परवा ताटलीतला तळलेला बोंबील गायब! “कोणी खाल्ला गं?” मी विचारलं. तिच्या ओठांना तेल लागलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाली, “माऊने.”

सातव्या मजल्यावर कुठली आलीय मांजर! मी नवऱ्याला ओरडूनच सांगितलं, “अरे, ऐकलंस? ही चक्क खोटं बोलली!”

लगेच बाईंना फोन लावला. त्याही आनंदाने ओरडल्या, “काय सांगता!” रागवायचं राहिलंच, मी लेकीला आणखी एक बोंबील वाढला.