रफार खाऊन राहिलं

आमच्या घरचे सगळे दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जात. आई, बाबा, आत्या. घरात पुस्तक म्हणजे फक्त माझं, तेही कुणीतरी वापरून दिलेलं. मी कॉलेज पूर्ण केलं, आमच्या घराण्यातली पहिली. हे मी छाती पुढे करून सांगते. पण पांढुर्ण्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं ते आठवीत शाळा सुटलेल्या शेवंताआत्याने. सौंसरला बायकांच्या प्रशिक्षणात ती मराठी टायपिंग शिकली, जुनं मशीन घेतलं आणि लग्नपत्रिका करायला बसली; मी तिच्या मदतीला.

कुणाला काम सांगायचं तर आत्या आधी विचारणार, "जेवले का?" लाईनमनला, पोस्टमनला, बँकेच्या साहेबांनाही. "उपाशी माणसाले काम सांगू नाही बाई. चुकते तो."

पहिली मोठी ऑर्डर आली तिगावच्या एका वरबापाची, लग्न पांढुर्ण्यातच. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं, म्हणून फुकटचं घेतलेलं. पत्रिका तयार झाली आणि पाहतो तर काय, प्रत्येक 'पांढुर्णा'तला रफार गायब! त्याच्या जागी पाय मोडका र उभा.

वरबाप म्हणाले, "बाई, गावाचंच नाव मोडलं तुमी. संध्याकाळपर्यंत नीट करा, नाही त मी नागपूरले चाललो."

पहिलंच मोठं काम असं परत गेलं असतं, तर दुकानाची पायरी पुन्हा कोण चढणार होतं? आत्याला ते माझ्याआधी कळलं.

मी सांगितलं, या सॉफ्टवेअरचे जाणकार इंटरनेटवर फुकट मदत करतात. आपण प्रश्न लिहायचा, जगातलं कुणीतरी उत्तर देतं.

"फुकट? मंग त आधी जेवण इचार."

आत्या सांगत गेली, मी ऐटीत शब्दाला शब्द लावून इंग्रजी करत गेले: "भाऊ, जेवले का? आमचं सॉफ्टवेअर रफार खाऊन राहिलं."

थोड्या वेळाने उत्तर आलं. जेवलो, आभारी आहे. पण रफार हा कोणता पदार्थ? तुम्हाला स्वयंपाकाच्या पानावर तर जायचं नव्हतं?

आत्या पोट धरून हसली. "वा वो ग्रॅज्युएट! त्याले वाटलं आपण रफाराची भाजी करून राहिलो!" मग डोळे पुसत म्हणाली, "सांगून नाही समजत, त दाखवू."

कागदावर तिने 'पांढुर्णा' दोनदा लिहिलं, एकदा मोडकं, एकदा धड. धड शब्दावरचा रफार लाल पेनाने काढला. मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ही लाल टोपी हवी आहे.

त्या माणसाला आपली अक्षरं येत नव्हती, पण टोपी बरोबर कळली. तुमचं सॉफ्टवेअर जुनं आहे, म्हणाला. नवं उतरवा आणि सेटिंगमध्ये अमुक ठिकाणी टिक करा. कुठे, ते चित्रावर बाण काढून दाखवलं. उतरायला दुपार गेली. "उतर रे बाप्पा, ये लवकर," आत्या पडद्याला समजावत होती. टिक केली आणि रफार टुणकन 'णा'वर जाऊन बसला. आत्याने अशी टाळी वाजवली की शेजारचा संत्र्याचा व्यापारी काय झालं म्हणून धावत आला.

वरबापांनी पत्रिका डोळ्यांजवळ धरून वाचली. "आता कसं, गावासारखं गाव दिसते!"

पत्रिका त्याच संध्याकाळी छापायला गेल्या. दुकान जोरात चालू आहे. आणि मदतीच्या त्या पानावर मराठी अक्षरांपाशी कुणी अडलं, तर उत्तर देणाऱ्यांत आता शेवंताआत्याचं नाव असतं; सांगते ती, इंग्रजी करते मी.