काळ्या दोऱ्याची शिवण

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तीस वर्षं जुने सोफे नव्यानं मढवून देतात. हात सोन्याचा, हे शत्रूही कबूल करील. डोक्याबद्दल मी बोलत नाही. बोलण्यासारखं तिथं काही नाही.

घरात त्यांचं एक लठ्ठ राखाडी मांजर. आणि एकुलती एक लेक, जिला मांजराच्या कोंड्यानं दम लागतो. लहानपणी ती शिंकून शिंकून लाल व्हायची, तर हे म्हणायचे, "नाटकं नुसती. अभ्यास नको म्हणून." डॉक्टरांनी चाचणी करून कागद दिला. तो यांनी घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. पालथ्या घड्यावर पाणी! एक मांजर मेलं की दुसरं यायचं. लेक शिकायला बाहेर पडली, ती राहायला म्हणून परत आली नाही.

यंदा ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. लेकीचा फोन आला, "महिनाभर येऊन राहते गं आई. फक्त मांजर नको." ताई इतकी हरखली, की ऑपरेशनच्या तारखेचे दिवस मोजायला लागली. दाजींनी राज्यत्याग केल्याच्या थाटात मांजर आपल्या कारखान्यात हलवलं. आठ दिवसांनी लेक आली, सोफ्यावर टेकली, आणि कपातला चहा संपायच्या आत तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

दाजींनी टाळी वाजवली. खोटं सांगत नाही, टाळी! "बघा! मांजर घरात नाही, तरी दम लागला. उगाच मुक्या जिवावर आळ!"

लेक पंप ओढत आल्या पावली गेली. तासाभरात मांजर सोफ्यावर. ऑपरेशननंतर ताईला हात धरून चालवायला एक पगारी बाई होती.

मागच्या महिन्यात मी कारखान्यात बसलो होतो. एक गिऱ्हाईक बाई सोफा घेऊन आल्या. "मांजर देऊन टाकलं हो, तरी मुलगा खोकतोच."

दाजींनी शिवण उसवून त्यांना आतला स्पंज दाखवला. "मांजर जातं, कोंडा जात नाही. सहा-सहा महिने आत बसून राहतो. कापड, स्पंज, सगळं बदला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बाई जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "दाजी, घरच्या सोफ्यातही हेच असेल ना?"

"घरचा सोफा मी स्वतः शिवलाय," ते म्हणाले.

जसा काही कोंडा शिवणकाम बघून आत शिरतो.

परवा ताईकडे गेलो होतो. दाजी घरात नव्हते. ताईची काठी सोफ्यामागे पडली, ती उचलायला वाकलो, तर मागची शिवण नवी दिसली. सगळा सोफा तपकिरी दोऱ्याचा, तेवढीच काळ्या दोऱ्याची. मी दोन टाके सोडवून बोट आत घातलं. तोच पिवळा पडलेला स्पंज आणि त्यावर राखाडी केसांचा थर.

म्हणजे दाजींनी उघडून बघितलं होतं. बघितलं, आणि होतं तसं शिवून टाकलं. स्पंज बदलायचा, तर लेकीची माफी मागावी लागली असती. इतके दिवस मी या माणसाला नुसता मूर्ख समजत होतो.

"ही शिवण कधी घातली गं?" मी विचारलं.

"झाले पंधरा दिवस. उसवली होती म्हणाले," ताई म्हणाली. "त्यांना जवळचं दिसत नाही ना आता. घरात काळाच दोरा होता, तो सुईत मीच ओवून दिला."