नारळाचं चित्र नव्हतं

शाळेत मी गेलो तो फक्त भिंतींना चुना मारायला. कंपनीनं सगळ्या गाड्या कंप्युटरला जोडल्या, त्या वर्षी माझ्यासारख्या अडाणी ड्रायव्हरांना म्हणून फोनवर चित्रं दिली. गाडी थांबली की फोन वाजायचा, का थांबली? चहाचा कप, डिझेलचा पंप, पोलिसाची टोपी, चाक. एक दाबायचं.

मी बुऱ्हाणपूरहून केळी भरून लांबच्या भाड्याला निघायचो. इच्छापूरला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी गाडी थांबवायची, नारळ फोडायचा, मग पुढं. आम्ही सगळे ड्रायव्हर तेच करतो. आता नारळाचं चित्र काही त्यात नव्हतं. मी बघितलं, यात गोल काय आहे? चाक. दाबलं. दर खेपेला तेच दाबलं.

घरी मी खेपेच्या गोष्टी सांगतो, त्यात निम्म्या थापा. बायको भाकरी करता करता मधेच विचारते. वाघ कोणत्या बाजूनं आला? तुमची खिडकी उघडी होती का? दोन सवालांत माझ्या वाघाचा कुत्रा होतो.

फोननं कधी विचारलं नाही, कोणतं चाक, एकाच जागी कसं काय. सगळं गुपचूप ऐकून घेतलं. इतकं गुपचूप ऐकणारा एक तर झोपलेला असतो, नाहीतर मनात काही शिजवत असतो.

शिजतच होतं. एक दिवस माझं लांबचं भाडं बंद. ऑफिसात नवे साहेब, माझ्या पोराच्या वयाचे. बोलले, सिस्टिमनं तुम्हाला त्यातनं काढलं, तुमच्या हातात टायर टिकत नाहीत. मी विचारलं, सिस्टिम म्हणजे कोण? ते बोलले, कोणी नाही. मग तर मला जास्तच भीती वाटली. कोणी नसलेल्याच्या पाया कसं पडायचं?

मी सगळं खरं सांगून टाकलं. देवी, नारळ, गोल चित्र. ऑफिसात मी गमत्या म्हणून आधीच बदनाम. साहेब पोट धरून हसले.

"काका, गोष्ट मस्त सांगता. पण टायरचं काय?"

आता मी शाहपूर-बुऱ्हाणपूर चालवतो. पैसा कमी, घरी जेवायला रोज. बायकोला सांगितलं तर तिनं तवा खाली उतरवला.

"इतकी चाकं पंक्चर झाली, तर पंक्चरवाल्याचं बिल कुठंय? हे विचारलं का कोणी?"

नाही विचारलं. कंपनीनं त्या सिस्टिमच्या जागी हिला बसवायला पाहिजे होतं. पण मग माझी नोकरी पहिल्याच दिवशी गेली असती.