दोन साडू, दोन बाटल्या

शिवदास ड्रायव्हर खुर्चीवर बसलाच नाही. टेबलाला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पुन्हा सुरू झायं."

"कधीपासून?"

"आखाजी झायी तव्हापासून."

मी त्याचे कागद पाहिले. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी तपासलं तेव्हा तो खुर्चीवर आरामात बसून बोलत होता. औषध तेच, माणूस तोच. बिघडायला काही कारण दिसेना.

शिवदास धुळ्याहून इंदूरला रुईच्या गाठींचा ट्रक नेई. दुखणं ओटीपोटाखाली, नेमकं बैठकीच्या जागी. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, प्रोस्टेट. तिला सूज आली की त्याला प्रोस्टेटायटिस म्हणतात. पण कित्येकांच्या तपासणीत सूजही धड दिसत नाही आणि जंतूही सापडत नाहीत. दुखणं मात्र खरं असतं. ड्रायव्हरला बसता येत नसेल तर त्याने करायचं काय? ट्रकमालकाने त्याला सांगून ठेवलं होतं, पावसाळ्याआधी नीट हो, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझे मुंबईचे सर अशा रुग्णांवर एका औषधाची ट्रायल करत होते. मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारं औषध. धुळ्यातून रुग्ण शोधून देणं आणि त्यांना दर पंधरवड्याला तपासणं, एवढं माझं काम. शोधणं सोपं नव्हतं. हे दुखणं पुरुष कोणाला सांगत नाहीत. सांगितलंच तर गावचा डॉक्टर आधी इंजेक्शन ठोकतो, आणि अलीकडे अँटिबायोटिक घेतलेला रुग्ण ट्रायलला चालत नसे. शिवदास सगळ्या अटींत बसला. नंतर तोच एकाला घेऊन आला. "हाऊ मना साडू. नशिराबादले शिलाई करस. याले बी हाच तरास शे."

साडूचं नाव नामदेव. तोही बैठ्या धंद्यातला. त्यालाही घेतलं.

ट्रायलमध्ये निम्म्या रुग्णांना खरं औषध मिळतं आणि निम्म्यांना दिसायला हुबेहूब पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला कळत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. बाटलीवर फक्त कोड. हे सगळं मी दोघांना, त्यांच्या बायकांसमोर, नीट समजावून सांगितलं होतं. शिवदासची जिजाबाई आणि नामदेवची मथुरा या सख्ख्या बहिणी.

पहिल्या दोन भेटींत शिवदासला चांगला उतार पडला. नामदेव होता तसाच. मनातल्या मनात मी शिवदासला खऱ्या औषधाच्या रांगेत टाकून मोकळा झालो होतो. आणि आता हे.

नामदेव त्याच दिवशी दुपारी आला. बसला, पाय लांब केले. "आता बरं वाटतं, साहेब. मशीनवर तासभर बसतो."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझी पत्नी सुनंदा लॅब चालवायची. ती गेली त्याला आता दीड वर्ष होईल. तिचा मायक्रोस्कोप अजून तिथेच आहे. त्या दिवशी दोघांचे नमुने पाहून ती बाहेर आली.

"स्लाइडमध्ये काहीच बदललेलं नाही," ती म्हणाली. "आखाजीला हे दोघे कुठे होते?"

"सासुरवाडीला असतील. नरडाण्याजवळ."

"म्हणजे दोघी बहिणी एका घरात होत्या. मग साडूंना काय विचारतोस? त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी मी जिजाबाईला बोलावलं. तिने काहीच लपवलं नाही. आखाजीला दोघी माहेरी आल्या. नवरे जेवायला आले, येताना औषधाच्या बाटल्या घेऊन आले. माहेरी आलेली वस्तू बहिणींनी सारखी वाटून घ्यायची, ही त्यांच्या आईची शिस्त. साडी असो की सांडग्यांचा डबा. दोघींनी दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या परातीत ओतल्या, मिसळल्या आणि पुन्हा भरल्या. मग नवऱ्यांना सांगितलं.

"बठ्ठ्या एक कर्‍यात अन् निम्म्या निम्म्या वाटी लिन्यात," ती म्हणाली. "मना घरमा खरी दवा अन् तिना घरमा खोटी, असं कसं चाली, साहेब? मनी बहीन शे ती."

शिवदास बाजूला उभा होता. "तुले इचारायचं तरी व्हतं."

"तुमी जेवीसन झोपेल व्हतात," जिजाबाई म्हणाली.

मी सरांना फोन लावला.

"दोघांनाही बाहेर काढ," सर म्हणाले.

"शिवदासला फरक पडत होता, सर. औषध बंद केलं तर त्याची नोकरी जाईल."

"फरक कशाने पडत होता, सांगू शकतोस?"

"नाही."

"मग? ट्रायल संपू दे, कोड उघडू दे. त्याच्या बाटलीत खरं औषध निघालं तर ते त्याला मिळवून द्यायची जबाबदारी माझी."

मी दोघांच्या बाटल्या परत घेतल्या. पावसाळा आला. मालकाने इंदूरची गाडी दुसऱ्याला दिली आणि शिवदासला गोदामात गाठी मोजायला उभं केलं. उभं राहणं त्याला जमत होतं. पण तो माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला.

दिवाळीनंतर सरांचा फोन आला. कोड उघडला होता.

"दोन्ही बाटल्या प्लासिबोच्या," सर म्हणाले.

ते पुढे म्हणाले, "म्हणजे खरं औषध शिवदासने अजून घेतलेलंच नाही. पाठवतो. घेऊन बघू दे."

मी शिवदास आणि जिजाबाईला सांगितलं. शिवदास बायकोकडे बघून हसत सुटला. जिजाबाईला हसू आलं नाही. ती म्हणाली, "मथुराले नका सांगू. तिना नवरा सुखमा शे."

शिवदासने खरं औषध घेतलं. थोडा उतार पडला, पहिल्याइतका नाही. लांबची गाडी त्याला परत मिळाली नाही, पण शहरातला टेम्पो तो पुढे कित्येक वर्षं चालवत होता.

नामदेवला सांगणं मला भाग होतं. रुग्णाने काय घेतलं हे जाणून घेण्याचा हक्क त्याचाच असतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. गळ्यातली टेप नीट केली.

"असू द्या, साहेब," तो म्हणाला. "त्याच गोळ्या परत मिळतील का?"

पुढे मी आणखी दोन ट्रायलमध्ये काम केलं. रुग्णाला घेण्याआधी माझा एक प्रश्न ठरलेला असे: तुमच्या सासुरवाडीकडचं कोणी या ट्रायलमध्ये आहे का? असेल, तर मी त्यातला एकच रुग्ण घेत असे.