माझ्या मुलाखतीचं पान

"आज तू विचारायचं नाही. तू स्टुलावर बस," सर म्हणाले. "आजचा नमुना तू."

जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही मास्तरकी शिकत होतो. आमचा मुलुख तेव्हा मध्यप्रांत. सर मानसशास्त्र शिकवायचे. माणसाचं मन कळायचं तर मुलाखत घ्या, त्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा लिहा, पदरचं एक अक्षर घालू नका, असं रोज सांगायचे. मला ते पटलं होतं. आठ दिवस जवळच्या पनागर गावात बिड्या वळणाऱ्या बायांशी बोलून मी वही भरली. सरांनी ती उघडलीच नाही. वर्गात महाराची मी एकटी.

बसली स्टुलावर. घाबरली होती, खोटं काहून बोलू?

सदर बाजारातल्या वकिलाच्या मुलीनं पहिलं विचारलं, "तुमच्यात मेलेलं ढोर खातात ना? खाताना मनात काय येतं?" वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "आमच्या विहिरीजवळून जाताना भीती वाटते की राग येतो?"

सरांनी फळ्यावर लिहिलं: न्यूनगंड. मी तोंडही उघडलं नव्हतं.

तिथं डोकं फिरलं माझं. उठली. "सर, मी तर काहीच बोलली नाही. मग हे काहून लिहून राहिले तुम्ही?"

"बाहेर हो. लायकीत राहा."

तेही लिहिलं मी. वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसून सगळं उतरवलं. कोण काय बोललं, कोण हसलं, कोणी मान खाली घातली.

परीक्षेला बाहेरून साहेब यायचे. प्रत्येकानं आपली एक मुलाखत त्यांना वाचून दाखवायची. वह्या आधी सरांकडे जात. त्यांनी मला खोलीत बोलावलं. "बेटा, हे पान फाड. बिडीवाल्या बायांचं वाच. पास करतो."

माझा बाप हमाली करून मला शिकवून राहिला होता. नापास झाली तर नोकरी नाही, घरी बसून बिड्या वळायच्या. सरांना हे ठाऊक होतं.

नाही फाडलं. साहेबांसमोर उभी राहून वाचलं, सावकाश, एकेकाचं नाव घेऊन. सरांचं दोनदा. वकिलाची मुलगी रडायला लागली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

नापास केलं त्यांनी मला. पुढच्या साली पुन्हा बसली, पास झाली. आता मीच मास्तरणींना शिकवते. सर म्हातारे झाले. बडा फुहाऱ्याच्या बाजारात भेटले की म्हणतात, "चलो, झालं गेलं विसर."

काहून विसरू? मुलाखत शिकवायची वेळ आली की मी पहिलं तेच पान वाचते. नावासकट. ते मेल्यावरही वाचीन.